होकाराची फेरी

लिफ्टवाला बसमधून उतरला तो पळतच. उशीर झाला होता, आणि तोही नेमका आज!

"आईला उशीर अजिबात खपत नाही हां," चिंगीने त्याला दहादा बजावलं होतं. चिंगी म्हणजे त्याची होणारी बायको. म्हणजे, आजचं सगळं नीट पार पडलं तर होणारी. दातांच्या दवाखान्यातून तिला सकाळची सुट्टी मिळाली नव्हती, पण बेत तिचाच. गाडीवाला आईला टेकडीखालच्या फाटकाशी सोडेल. लिफ्टवाल्याने तिला तळ्याकाठच्या सपाट वाटेवरून फिरवायचं आणि फिरवता फिरवता पटवायचं. दुपारी चिंगी डबा घेऊन येईल, तोवर हो की नाही ते ठरलेलं असेल.

"मी ओळखू कसं?" त्याने विचारलं होतं.

"व्हीलचेअर, पांढरे केस, कपाळाला आठ्या. आणखी काय फोटो देऊ का?"

फाटकाजवळच्या झाडाखाली व्हीलचेअर होती, पांढरे केस होते. उन्हाची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, त्यामुळे आठ्यांचं काही कळेना.

"माफ करा, काकू!" तो धापा टाकत म्हणाला. "तुम्हाला ताटकळत ठेवलं."

"मला?"

"तुमच्या लेकीने सांगितलंच असेल. मी तुम्हाला तळ्यापर्यंत फिरवायला आलोय."

काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग झाडांतून जाणाऱ्या वाटेकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"ब्रेक डाव्या हाताला आहे," काकू म्हणाल्या. "चल."

निदान हाकलून तरी दिलं नाही! त्याने फोन बंद करून खिशात टाकला. बोलताना फोन वाजला की आईचं डोकं फिरतं, हेही चिंगीनेच सांगितलेलं. तेवढ्यात एक गाडी धुरळा उडवत फाटकाशी आली. त्याने चटकन खुर्ची वळवली आणि काकूंच्या अंगावर धूळ यायच्या आत वाटेला लागला.

वाट खरंच झकास होती. बारीक खडी दाबून सपाट केलेली, कडेला गवत, पलीकडे शेतं, मध्ये मध्ये बसायला बाक. लिफ्टवाल्याला ती तोंडपाठ होती. गेल्या रविवारी त्याने आपल्या जाड्या मित्राला गवंड्याच्या ढकलगाडीत बसवून पूर्ण फेरी मारली होती. लोक हसले. हसू देत! पण कुठे चढ, कुठे लाकडी पूल, कुठे खडी सुटलेली, सगळं पक्कं डोक्यात बसलं.

"पुढे उतार आहे, काकू. इथे मी खुर्ची उलटी फिरवून नेतो, म्हणजे तुम्ही पुढे झुकणार नाही."

"बराच विचार केलेला दिसतोय."

"तुमच्यासाठी नाही करणार तर कुणासाठी?"

"असं?" काकू म्हणाल्या. आपण जरा जास्तच साखर पेरली की काय, असं त्याला वाटून गेलं.

पुलावर त्यांनी विचारलं, "काम काय करतोस?"

आला, प्रश्न आला! चिंगी म्हणाली होती की आईला ऑफिसातला जावई हवाय. पण खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. हात काळे होतात, पण काम चोख."

"अरे, मग आमच्याकडे ये ना एकदा! आमची लिफ्ट मेली सारखी बंद. महिना-महिना खाली उतरत नाही मी."

लिफ्टवाल्याला चिंगीचा रागच आला. घरात लिफ्टवाला जावई येऊ घातलाय आणि ही बया एका शब्दाने बोलली नाही!

"उद्याच येतो," तो म्हणाला. "लेकीला तरी सांगायचं की तुम्ही! तशी ती रोज बोलते तुमच्याबद्दल."

"काय बोलते?"

"की... तुम्ही जरा कडक आहात."

काकू इतक्या हसल्या की टोपी खाली पडली. त्याने ती झटकून परत डोक्यावर ठेवली. आठ्यांचा मागमूस नव्हता. उगाच घाबरवलं पोरीने!

"नाक मात्र अगदी तुमचंच घेतलंय तिने," तो म्हणाला.

"हे मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं बघ."

तळ्याकाठचा कठडा मुद्दाम बुटका बांधलेला होता, बसल्या जागी पाणी दिसावं म्हणून. एक बगळा एका पायावर उभा होता. लिफ्टवाल्याने संत्रं सोलून एकेक फोड काकूंच्या हातावर ठेवली. त्यांनी रस गळेपर्यंत खाल्ली, बगळ्याला आळशी म्हटलं, लहानपणी पोहायला शिकल्याची गोष्ट सांगितली. त्याने पहिल्यांदा लिफ्टमध्ये स्वतःच अडकल्याची सांगितली. दोघं हसून हसून बेजार झाले. बेत-बित सगळं विसरून त्याला ही बाई मनापासून आवडून गेली.

पण दुपार व्हायला आली होती, चिंगी निघाली असणार. त्याने रुमालाने हात पुसले आणि खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"काकू, मला गोल गोल बोलता येत नाही. तुमच्या लेकीला मी सुखात ठेवेन. मी चालेन का तुम्हाला?"

काकूंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. डोळे पाण्याने भरले होते आणि ओठ मात्र हसू दाबत होते.

"रागावू नकोस हं बाळा. दोन्ही पोरं मला झाडाखाली बसवून टेकडी चढायला गेली, ती संध्याकाळीच उतरायची. फाटकापाशीच खरं बोलले असते तर हे तळं मला दिसलं असतं का? पण शपथेवर सांगते, मला मुलगी असती ना, तर आत्ता, इथे, डोळे मिटून तुला दिली असती."