बाथरूमची कडी

युद्धात टॉर्पेडोनं जहाजाचं पोट फाडलं, तेव्हा कप्तानांनी पाणी भरत चाललेल्या इंजिनरूमचं पोलादी दार ओढून घेतलं आणि दोनशे माणसं वाचवली. त्याबद्दलचं शौर्यपदक त्यांच्या दिवाणखान्यात होतं. घरात मात्र एकाही दाराला कडी नव्हती.

"आत असलीस की गाणं गुणगुणायचं," सासूबाई नव्या सुनेला म्हणाल्या. तिनं सरळ सुतार बोलावून बाथरूमला कडी बसवून घेतली. दुसऱ्याच दिवशी ती कडी अडकली. सून आतून दार बडवू लागली, "बाबा, मी अडकलेय!"

बाहेरून सासऱ्यांचे ठोसे पडू लागले. फळी फुटली आणि रक्तानं माखलेली मूठ आत आली.

"बाहेर या रे पोरांनो," ते ओरडत होते, "सातही जण बाहेर या!"