पिवळे चेंडू

लॅक्रॉस या जाळीदार काठ्यांनी चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळात मुलांचा चेंडू पांढरा आणि मुलींचा पिवळा. त्यामुळे मुलींची कोच मॉरीन हिच्या पिशवीतले चेंडू कमी होऊ लागले, तेव्हा ते कोण नेतं हे तिला कळेना. पण कॉलेज एवढंसं, मैदान एकच. मुलींचा सराव संपला की मुलांचा सुरू. संशय घ्यायचा तर व्हर्नवरच. मुलांचा हा म्हातारा कोच अलीकडे भलताच चढेल झाला होता. मैदानापलीकडून तिनं कितीही हात हलवला तरी ढिम्म!

आज ती घरी गेल्यासारखं दाखवून बाकांमागे थांबली. बघते तर काय, मुलांच्या काठ्यांच्या जाळीतून तिचेच पिवळे चेंडू उडत होते! तिनं मुलांच्या कप्तानाला, एलियटला, दंडाला धरून बाजूला ओढलं.

"चोरायला कुणी लावलं? व्हर्ननंच ना?"

"नाही कोच, शपथ! आम्हीच उचलतो." एलियट हळूच म्हणाला, "त्यांना पांढरा चेंडू आता दिसत नाही. पिवळा निदान कळतो तरी. ऑफिसात समजलं तर उद्याच घरी बसवतील त्यांना."

"आणि हे चेंडू कुठून आले, विचारत नाही तो?"

"तुम्ही उसने दिलेत, असं सांगितलंय. रोज म्हणतात, मॉरीनचे आभार मानायचेत, पण ती हल्ली मैदानावर फिरकतच नाही."

मॉरीन तडक व्हर्नकडे निघाली. अगदी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि मगच तिनं हात हलवला.