गोमाबाईंनी सांगितलेली खूण

“ढोंगी हाय ही, डाक्टर!” कोपरखैरण्याच्या दवाखान्यात गोमाबाईंनी सुनेला पुढं ढकललं. “सकाली लाकडासारखी आकडते, निजली तं जास्तच कन्हते, आन् मिठागरात राबाला लागली का दुखना पलतो! कामानं बरा होनारा दुखना कुनी बगितलाय?” मंजुळेनं मान खाली घातली. तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. कण्याच्या तळाचे सांधे जरासेच झिजले होते. निदानाच्या जुन्या निकषांत मंजुळा बसत नव्हती. नुकत्याच आलेल्या नव्या निकषांत मात्र ती बसली, तशा डॉक्टरीणबाई हसल्या. “आजी, पडून राहिल्यानं न थांबणारी आणि हालचालीनं कमी होणारी पाठदुखी हीच कण्याच्या संधिवाताची खूण. तुम्ही नेमकं तेच सांगितलंत.” गोमाबाई एक्सरे उचलून बाहेरच्या रांगेपुढं उभ्या राहिल्या. “रोग मीच वलखला! एवढा रोग अंगात, तरी हिच्याएवढा मीठ कुनी काढलाय, सांगा!”