मानाची जागा

रक्ताच्या नळ्यांचा थंड डबा एसटीत चढवताना नर्सबाईंनी ड्रायव्हर केरबाला बजावलं, "मागच्या खेपेला वाटेत रक्त खराब झालं. आज सुगंधाला दुसऱ्यांदा टोचलंय. सातवा महिना आहे तिचा."

केरबा ओशाळला. "बाई, मी तर मानाची जागा दिली होती. माझ्या शेजारी, बॉनेटवर."

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला. मग दोघंही हसली.

संध्याकाळी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून फोन आला. रक्त उत्तम पोचलं होतं, सुगंधाला आता पुन्हा टोचायला नको. तेवढ्यात एसटी परतली.

"आज डबा कुठं ठेवलात?" बाईंनी केरबाला विचारलं.

"कंडक्टरच्या सीटवर. गाडी भरलेली होती."

"मग कंडक्टर?"

"बॉनेटवर बसला. तो बघा, उभ्यानं चहा पितोय."