संक्रांतीची डिलिव्हरी

"सुगत भिया, आता माल पोचवायला ड्रोन आलाय. ना धूर, ना पेट्रोल," असं म्हणून सियागंज बाजारातल्या सेठने त्याला कामावरून काढलं. अठरा वर्षं ज्या सायकलवरून सुगतने माल पोचवला, तिच्यावरूनच तो घरी गेला.

संक्रांतीच्या सकाळी सेठचा फोन आला. "आसमान पतंगांनी भरलंय यार. ड्रोन वर गेला की मांज्यात अडकतोय. आजच्या दिवस सायकल घेऊन ये ना."

सुगत दुकानासमोरच्याच गच्चीवर उभा होता. दोन महिने घरी बसून त्याने शेकडो पतंग बनवले होते आणि काल आसपासच्या सगळ्या गच्च्यांवर फुकट वाटले होते.



"कागदी पतंग आहेत सेठजी, सुती मांजा. ना धूर, ना पेट्रोल."