एकमत

त्या प्राचीन शहराचं नाव मुळात ग्रीक, असं थोरला भाऊ म्हणायचा. धाकटा म्हणायचा, छे, शुद्ध लॅटिन. दोघेही एकाच विद्यापीठात प्राध्यापक, राहायला एकाच घरात, आणि या एका नावापायी दोघांत विस्तव जात नव्हता. थोरला जेवून उठल्याशिवाय धाकटा टेबलाकडे फिरकायचा नाही, त्यामुळे आई बिचारी तेच जेवण रोज दोनदा गरम करायची.

"मेलं शहर कधीच मातीत गेलं, आणि माझी पोरं अजून त्याच्या बारशाला भांडतायत," असं ती शेजारणीला सांगायची.

मग एकदा उत्खननात त्या शहराच्या वेशीवरचा दगडच निघाला. त्यावर नाव होतं. ग्रीक आणि रोमन त्या बाजूला फिरकण्याच्या कितीतरी आधी, तिथल्याच लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या लिपीत कोरलेलं.

दोघे भाऊ दगड बघून आले, एकाच खोलीत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर आईचा जीव टांगणीला लागला. आतून आधी कुजबुज आणि मग चक्क हसणं ऐकू आलं. थोड्या वेळाने थोरला धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला.

"आई, आज दोघांना एकदमच वाढ. आमचं एकमत झालंय."

आईचे डोळे भरून आले. "पावला गं बाई देव! काय ठरलं मग?"



दोघे एका सुरात म्हणाले, "दगड बनावट आहे."