मध्ये बोलू नये

सुंदरानं उशी उचलली तर खाली वर्तमानपत्राचा तेलकट कागद, आणि त्याला चिकटलेले चार पोहे. पलंग वडनेरच्या केशवरावांचा. सकाळी विचारलं तेव्हा म्हातारा 'पाणीबी नाई घेतलं' म्हणाला होता, आणि आता हर्नियाच्या ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर चढला होता. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते श्वासनळीत जाऊन माणूस दगावू शकतो. सुंदराला वॉर्डात मावशी म्हणून लागून दोनच महिने झाले होते, पण एवढं तिलाही ठाऊक होतं.

कागद मुठीत धरून ती माधवी सिस्टरांकडे धावली.

सिस्टर कामाला वाघ, पण एकदा सुरू झाल्या की जीभ टाळ्याला लागायची नाही. "बरी आली सुंदरा. सात नंबरची चादर बदल, अन् त्या बाईले सांग, इथं डबा नको धुवू म्हणा. एक्सरे आणला का? नाई? मग उभी काऊन आहे?" बोलता बोलता फाइलवर सही झाली, केशवरावांच्या स्ट्रेचरला हात लागला, आणि सिस्टर निघाल्यासुद्धा.

सुंदरा मागोमाग चालू लागली. तिच्या घरची रीत वेगळी. आजा बोलत असला की सगळे गप्प, आणि त्याचं झाल्यावरही दोन श्वास थांबायचं, काही उरलं असेल तर तो बोलेल म्हणून. मध्ये तोंड घालणाऱ्याला तिथे कोणी माणसांत धरत नाही. ती सिस्टरांचे दोन श्वास शोधत होती. ते मिळत नव्हते.

"अन् बारा वाजता राउंड हाय, डॉक्टर विचारतीन तर..."

केशवरावांनी तिच्या मुठीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ऑपरेशन थिएटरचं दार दहा पावलांवर आलं. पाच पावलं. तिचे ओठ हलले, पण आवाज निघेना. सुंदरानं पाय पुढे टाकला आणि चाकाचा ब्रेक दाबला.

स्ट्रेचर गचकन थांबलं. दांडा सिस्टरांच्या पोटाला लागला. "काय करून राह्यली वं?"

सुंदरानं मूठ उघडली.

सिस्टरांनी कागद पाहिला, मग केशवरावांकडे पाहिलं. "खाल्लं?"

"भूक लागलती बाई," केशवराव डोळे न उघडता म्हणाले. "थोडेसेच."

सिस्टर भिंतीला टेकल्या. "वॉर्डापासून माह्या मागं येऊन राह्यली तू. बोलली काऊन नाई?"

"तुमचं सरलं नोतं, सिस्टर."

माधवी सिस्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुंदरा तशीच उभी राहिली. अजून काही उरलं असेल म्हणून ती दोन श्वास थांबली होती.